विहिरीत उतरणारं औषध : सांगलीकडच्या बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. कारण क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या, आपल्याकडच्या भाषेत 'सीसीसी'चे अंश. त्या हंगामानंतर तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळकडच्या बागायतदारांना 'रेसिड्यू', म्हणजे औषधाचा मागे राहिलेला अंश, हा शब्द पाठ झाला. कोणतं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं, हे आता घरातली पोरंसुद्धा सांगतात. पण ज्या विहिरीचं पाणी घरातल्या माठात येतं, त्या पाण्याचा रेसिड्यू कुणी काढून बघितलाय का, असं विचारलं की बैठक गप्प होते. खालचे प्रश्न अशाच बैठकांत, पारावर आणि औषधाच्या दुकानासमोर विचारले गेलेले आहेत. उत्तरं एका द्राक्ष आणि ऊसवाल्याची आहेत, त्यामुळे उदाहरणंही त्याच दोन पिकांची येतील.

औषध आम्ही पानावर मारतो. ते साठ फूट खाली विहिरीत कसं जाईल?

दोन वाटांनी. एक वाट लांबची: पानावरून ओघळलेलं, जमिनीवर पडलेलं, आळवणीतून किंवा ठिबकमधून मुळाशी दिलेलं औषध पावसाच्या नाहीतर पाटाच्या पाण्याबरोबर मातीतून खाली झिरपतं. दुसरी वाट जवळची: विहिरीच्या काठावर कालवलेलं, सांडलेलं, पंप धुतलेलं पाणी थेट विहिरीत. दुसऱ्या वाटेबद्दल आपण बोलत नाही, कारण तिथे दोष हवेचा किंवा पावसाचा नसतो, आपला असतो.

लांबची वाट आपल्याकडे वाटते तितकी लांब नाही. सांगली जिल्हा काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. वाळूच्या थरांतून पाणी गाळलं जात उतरतं, तसं इथे होत नाही. ते मुरमातून आणि कातळाच्या फटींतून वाहतं. खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या माळावर हातभर मातीखाली मुरूम लागतो. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून त्याच माळावर बागा आणि ऊस उभे राहिले, म्हणजे पातळ मातीवर पाणीही वाढलं आणि औषधही.

कृष्णाकाठची काळी माती जाड आहे, औषध धरूनही ठेवते. पण उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा आठवा, काठी घातली तर आत जाते. वळवाचा पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो, मातीला काही धरून ठेवायला वेळच मिळत नाही. पुढे भेगा मिटतात, पण पहिल्या पाण्याबरोबर जे जायचं ते गेलेलं असतं.

मातीत औषध आपोआप कुजत नाही का?

कुजतं, पण वरच्या थरात. तिथे सेंद्रिय कर्ब असतो, हवा असते, जिवाणू असतात, ऊब असते. मुळांच्या खाली यातलं प्रत्येक कमी होत जातं. अॅट्राझीनसारखं तणनाशक वरच्या मातीत साधारण दोन महिन्यांत निम्मं होतं असं मानतात. भूजलात पोहोचल्यावर तो हिशेब लागू राहत नाही. युरोपीय संघाने अॅट्राझीनची मान्यता २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच काढून घेतली, तरी तिथल्या भूजलात ते आणि त्याचे तुकडे त्यानंतरही वर्षानुवर्षं सापडत राहिले.

'तुकडे' हा शब्द मुद्दाम वापरला. औषध मोडतं म्हणजे नाहीसं होतं असं नाही. आपल्या बागेत भरपूर वापरलं जाणारं मॅन्कोझेब स्वतः लवकर मोडतं, पण त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो पाण्यात सहज विरघळतो.

मग कोणतं औषध खाली उतरतं आणि कोणतं नाही?

दोन गोष्टी बघायच्या: ते पाण्यात किती विरघळतं आणि मातीला किती चिकटतं. उसातलं अॅट्राझीन, मेट्रिब्यूझिन, २,४-डी, केवड्यासाठी (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी) मारतो ते मेटॅलॅक्सिल, पिठ्या ढेकणासाठी मुळाशी सोडतो ते इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम. ही पाण्याबरोबर चालणारी मंडळी. उलट सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीनसारखी औषधं मातीला घट्ट धरून बसतात. क्लोरपायरीफॉसही बरंचसं तसंच. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातलं तांबंही खाली फारसं जात नाही, ते वरच्या मातीत साठत राहतं. तो वेगळा त्रास आहे, विहिरीचा नव्हे.

पण चिकटणारी औषधं विहिरीला निर्धोक, असं समजू नका. माती वाहून विहिरीत पडली की तिच्याबरोबर तीही पडतात. आणि काठावर बाटली कलंडली तर मध्ये मातीच येत नाही.

आम्ही हिरव्या त्रिकोणाचंच औषध वापरतो. तरी धोका आहे?

सर्वात जास्त गैरसमज इथे आहे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे असतो आणि तो एवढंच सांगतो की औषध अंगावर किंवा पोटात गेलं तर किती लवकर विषबाधा होईल. ते विहिरीपर्यंत पोहोचेल की नाही, याबद्दल तो रंग अवाक्षर बोलत नाही. तणनाशकं बहुतेक निळ्या-हिरव्यात येतात आणि भूजलात सर्वात जास्त सापडणाऱ्यांत तीच असतात. फवारणाऱ्याच्या जिवासाठी त्रिकोण बघाच. विहिरीसाठी मात्र औषधाचं मूळ नाव वाचावं लागतं. ते कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात असतं.

एवढ्या मोठ्या विहिरीत चार थेंबांनी काय होणार?

हिशेबच करू. विहीर ३० फूट व्यासाची, त्यात २० फूट पाणी. म्हणजे साधारण ४ लाख लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, अॅट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. ४ लाख लिटरला झाले ०.८ ग्रॅम. बाजारातली भुकटी ५० टक्क्यांची, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास भुकटी. रिकाम्या पुडीच्या कोपऱ्यात तेवढी चिकटलेली असते.

क्लोरपायरीफॉसची मर्यादा ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ढिली. त्याच विहिरीला २० टक्क्यांचं औषध साठेक मिली लागेल, मोठ्या बाटलीचं टोपण दोन-तीनदा भरून. मोनोक्रोटोफॉसची मर्यादा १ मायक्रोग्रॅम. कोणाच्या खोलीत जुनी ३६ टक्क्यांची बाटली अजून पडून असेल, तर त्यातला एक मिली त्या अख्ख्या विहिरीला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो.

अर्थात विहिरीत नवं पाणी येतं, जुनं उपसलं जातं. पण मे महिन्यात २० फुटांचे ४ फूट राहतात, तेव्हा हा आकडाही पाचपट लहान होतो.

मोटर बंद पडल्यावर औषध विहिरीत उलटं जातं म्हणतात. खरं की ऐकीव?

खरं. आमच्याच विहिरीत झालंय. पिठ्या ढेकणासाठी ठिबकमधून औषध सोडत होतो. शेतीची लाईट रात्रीची. व्हेंच्युरी, म्हणजे बॅरलमधलं औषध पाइपात ओढून घेणारी नळी, विहिरीजवळच जोडलेली, बॅरल भरून ठेवलेलं, आणि गडी झोपलेला. मध्यरात्री लाईट गेली. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप, गळका होता, त्यामुळे पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरायला लागलं आणि जाताना बॅरलमधलं औषध ओढून घेऊन गेलं. सकाळी बॅरल रिकामं बघून आम्हाला वाटलं, काम झालं. मग ठिबकच्या शेवटच्या ओळी कोरड्या दिसल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन महिने घरात जारचं पाणी आणलं.

उपाय साधा आहे. विहीर आणि व्हेंच्युरी यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, आपला एनआरव्ही, बसवायचा आणि वर्षातून एकदा उघडून बघायचा, कारण कचरा अडकला की तो उघडाच राहतो. खताची टाकी आणि व्हेंच्युरी विहिरीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची. लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर असेल, तर औषध सोडण्याच्या दिवशी तो बंद ठेवायचा आणि माणूस जागा ठेवायचा.

ब्लोअरची, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राची, टाकी भरतानाही हेच घडतं. पाइप टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवला आणि मोटर थांबली की टाकीतलं पाणी मागे ओढलं जातं. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर वीतभर टांगतं ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.

औषध कालवायचं कुठे आणि पंप धुवायचा कुठे?

विहिरीवर नाही. पाणी तिथे असतं, सावली असते, हौद असतो म्हणून सगळे तिथेच कालवतात. एकाच जागी वर्षानुवर्षं थोडं थोडं सांडत राहतं आणि तेवढ्या चार फुटांत पिकातल्या मातीपेक्षा कितीतरी जास्त औषध जमा होतं. द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ वातावरण लागलं की दिवसाआड फवारणी असते. हंगामात तोच ब्लोअर त्याच जागी किती वेळा भरला जातो, मोजून बघा.

विहिरीपासून किमान १०० फूट आणि उताराच्या खालच्या बाजूला जागा ठरवा. साधं पाणी पाइपाने तिथे न्या. स्वीडनमध्ये १९९० नंतर शेतकऱ्यांसाठी याच कामाचा एक खड्डा पुढे आला, बायोबेड म्हणतात त्याला, आणि तो आपल्याकडे घरच्या सामानात होतो. हात-दीड हात खोल खड्डा, तळाला चिकणमाती धोपटून किंवा शेततळ्याचा उरलेला कागद. त्यात दोन भाग पाचटाचं (उसाच्या वाळल्या पाल्याचं) बारीक भुसकट, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग माती, सगळं मिसळून. वर हरळी वाढू द्यायची. पंप धुतलेलं पाणी त्यात सोडायचं. पाचट औषध धरून ठेवतं, त्यातली बुरशी आणि जिवाणू ते मोडतात. मिश्रण खचतं, तसतशी भर घालायची. पावसाळ्यात वर पत्रा हवा, नाहीतर खड्डा भरून वाहतो आणि केलेलं सगळं वाया जातं. उरलेल्या औषधाचा निचरा म्हणून खड्ड्यात अख्खी टाकी ओतू नका, तो धुवणासाठी आहे.

टाकीत उरलेलं औषध दहापट पाणी घालून त्याच पिकावर मारून संपवायचं. मुळात मोजून कालवलं तर उरत नाही, पण 'असू दे थोडं जास्त' ही आपली सवय.

रिकाम्या बाटल्यांचं काय?

तीनदा विसळा. पाव बाटली पाणी, अर्धा मिनिट हलवणं, आणि ते पाणी दरवेळी फवारणीच्या टाकीत, बांधावर नाही. मग भोक पाडा, म्हणजे कुणी तेल-रॉकेलला नेणार नाही. ओढ्यात टाकायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत. पडक्या विहिरीत तर अजिबात नाहीत. गावोगावी अशी एक विहीर असते जिला सगळे कचरापेटी समजतात, आणि तिच्या तळाचं पाणी शेजारच्या वापरत्या विहिरीच्याच झऱ्यांना मिळालेलं असतं.

विहिरीत मासे आणि कासव मजेत आहेत. मग पाणी चांगलंच ना?

मासे मेले तर पाणी वाईट, हे खरं. मासे जगले म्हणून पाणी चांगलं, हे नाही. अॅट्राझीनने मासा मरायला पिण्याच्या मर्यादेच्या हजारो पट प्रमाण लागतं. इमिडाक्लोप्रिड तर माशांना फारच कमी बाधतं. वास आणि चवीचंही तसंच, इतक्या कमी प्रमाणात जिभेला काही कळत नाही. असं पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी कुणी आडवं पडत नाही. भीती आहे ती लहान मुलांनी आणि गरोदर बाईने तेच पाणी रोज, वर्षानुवर्षं पिण्याची.

पाणी तपासून कुठे मिळतं?

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुना नेतो, त्यात जंतू, क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, कठीणपणा बघतात. 'पाणी पिण्यास योग्य' असा शिक्का आला म्हणजे कीटकनाशकं तपासली, असं नाही. त्यासाठी क्रोमॅटोग्राफीची महागडी यंत्रं लागतात. द्राक्षाचा रेसिड्यू काढणाऱ्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे ती असतात, म्हणजे आपल्या निर्यातदारांना पत्ता ठाऊक असतोच. पाण्याची तपासणी करता का, कोणत्या औषधांची करता, हे आधी फोनवर विचारा. बाटली कशी हवी तेही विचारा: बहुधा गडद काचेची, कोरी, बर्फात ठेवून लवकर पोचवलेली.

यादी तुम्ही द्या. आयएस १०५०० च्या यादीत डीडीटी, एन्डोसल्फान, फोरेट अशी शेतीत आता बंदी आलेली औषधं आहेत. पण इमिडाक्लोप्रिड, मेट्रिब्यूझिन, मेटॅलॅक्सिल ही आपल्या रानात आज पडणारी नावं त्या यादीत नाहीत. नुसतं 'मानकाप्रमाणे तपासा' म्हटलं, तर जे मारतो तेच तपासायचं राहून जाईल. फवारणीची वही बरोबर न्या. निर्यातीसाठी आपण ती लिहितोच.

खर्च परवडत नसेल तर आधी नायट्रेट बघा, ते स्वस्तात होतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते जास्त असेल तर वरचं काहीतरी झिरपून विहिरीत येतंय एवढं नक्की, मग मोठ्या तपासणीवर पैसे घालायला अर्थ आहे. नमुना जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांनी घ्यावा. उन्हाळ्यात घेतलेला एकच नमुना फसवू शकतो.

उकळून, तुरटी फिरवून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून चालेल?

नाही. उकळल्याने जंतू मरतात. औषध बहुतेक तसंच राहतं, आणि पाणी आटल्यामुळे किंचित घट्टच होतं. टीसीएल जंतूंसाठी, तुरटी गढूळपणासाठी. यूव्हीचाही इथे उपयोग नाही. सक्रिय कोळशाचा फिल्टर चालतो, पण त्याचं पोट भरलं की तो काम थांबवतो आणि पाण्याची चव तशीच राहते, त्यामुळे वेळेवर बदलावा लागतो. आरओ बरंचसं औषध अडवतं. गावच्या पाण्याच्या एटीएमवर विसंबायचं असेल, तर कोळसा आणि पडदा शेवटचा कधी बदलला हे विचारायला लाजू नका.

आमची बोअर ४०० फूट आहे. आम्ही सुटलो?

खोली बघू नका, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप, बघा. मुरूम संपून पक्का कातळ लागेपर्यंत केसिंग गेलं आहे का, आणि केसिंग व भोकाच्या मधली फट सिमेंटने बुजवली आहे का? पैसे वाचवायला केसिंग आखूड ठेवलं की वरचं पाणी बाहेरून घसरत थेट ४०० फुटांवर. बोअरचं तोंड जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि भोवती ओटा हवा. बंद पडलेली बोअर उघडी ठेवू नका, पोरांसाठीही आणि पाण्यासाठीही.

आता एक कडू गोष्ट. बोअर पुनर्भरणाचं काम आपल्याकडे मोठ्या उत्साहाने होतं आणि ते गरजेचंही आहे. पण शेतातून वाहून आलेलं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून बोअरमध्ये सोडलं, तर वाळू गाळ अडवते, विरघळलेलं औषध नाही. घराच्या छताचं पाणी सोडा. शेतातलं पाणी बांधावर, चरात जिरवा, मातीला तिचं काम करू द्या.

पूर येऊन गेल्यावर?

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठच्या विहिरी बुडाल्या, तशा औषधांच्या खोल्या आणि दुकानांची गोदामंही बुडाली. असं पाणी शिरलेली विहीर दोन-तीनदा उपसल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय पिण्यासाठी धरू नये. औषधं जमिनीवर न ठेवता उंच फळीवर ठेवली, तर निम्मं काम आधीच होतं.

औषध कमी केलं तर पीक हातचं जाईल. मग?

सगळीकडे कमी होणार नाही. द्राक्षात पावसाळी वातावरणात केवड्याशी खेळता येत नाही, हे मीही मान्य करतो. पण उसात वाव आहे. हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून बाभळी-कडुनिंबावर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून गोळा केले, प्रकाश सापळे लावले, तर पुढे मुळाशी ओतायचं औषध वाचतं. हे एकट्याने करून उपयोग नाही, शिवारभर एकाच आठवड्यात व्हायला हवं. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट न जाळता सरीत दाबलं तर तण कमी, म्हणजे तणनाशक कमी, आणि वाढलेला कर्ब उरलेलं औषध धरून ठेवतो. तणनाशक मारल्यावर लगेच सरी भरून पाट सोडू नका. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी हातच लावू नका, औषध आणि पैसा दोन्ही पाण्यात.

जैविक औषधं तरी निर्धास्त वापरावी का?

निंबोळी अर्क, ट्रायकोडर्मा, मेटारायझियम बिनघोर वापरा. पण ज्या बाटलीवर 'जैविक' एवढंच मोठ्या अक्षरात आहे, आतला घटक लिहिलेला नाही आणि कीड दोन तासांत गळून पडते, ती बाटली संशयास्पद. जीवामृताचे ड्रमही विहिरीला चिकटून नकोत. शेणाच्या पाण्याने नायट्रेट आणि जंतू वाढतात.

चुकून विहिरीत औषध पडलं तर?

मोटर बंद करा, घरचं आणि गोठ्याचं पाणी बंद करा. शेजाऱ्यांना, ग्रामपंचायतीला लगेच सांगा. लाज वाटते, पण सांगा. डब्याचं लेबल जपून ठेवा, डॉक्टर आणि प्रयोगशाळा दोघांनाही तेच लागतं. उपसलेलं पाणी ओढ्यात किंवा कालव्यात न सोडता विहिरींपासून लांब, पडीक रानात पसरून द्या. पुन्हा वापर सुरू करायचा तो तपासणीचा कागद हातात आल्यावर.

आम्ही सगळं करू, पण शेजारी करत नाही. त्यांच्या विहिरीचे झरे आमच्याकडे येतात.

कातळातल्या फटींना सातबारा नसतो, त्यामुळे तक्रार बरोबर आहे. पण आमच्या शेजारच्या आबांना मी चार वर्षं समजावून पाहिलं. ते माझ्यापेक्षा पंचवीस पावसाळे जास्त बघितलेले, ऐकून घ्यायचे आणि चहा सांगायचे. शेवटी आमच्या विहिरीवर एनआरव्ही बसवायला माणूस आला, त्या दिवशी म्हटलं, "आबा, हा आलाच आहे, तुमच्याही मोटरीला बसवून घेऊया. पैसे बेदाण्याच्या पट्टीत बघू." ते म्हणाले, "बसव की." व्हॉल्व्ह बसला. बेदाण्याच्या विक्रीची पट्टी आली आणि गेली, पैशांचा विषय अजून त्यांनीही काढला नाही, मीही नाही. जूनमध्ये दोन्ही विहिरींचे नमुने मात्र एकाच पेटीत गेले.